एक कुरकूर ठेव

पेण, खारेपाट
२० फेब्रुवारी १९९४

चिरंजीव सुशील,

आशीर्वाद देते, पण आधी कान पुढे कर.

मी बोलते आहे आणि तुझी मालूकाकी लिहिते आहे. मी सांगितलेलं सगळं ती लिहिते की नाही, देव जाणे. मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. शेवटी ती वाचून दाखवते आणि मी मान हलवते. आईने मला शाळेत न घालता मिठागरात घातलं, त्याची ही शिक्षा, सासूला सुनेवर विश्वास टाकावा लागतो. बघ, हे लिहिताना हसली.

दिवाळीत आपल्या ओटीवर बसून, माझ्या हातची करंजी खात तू काय म्हणालास? "आजी, माघी गणपतीला तुला माझ्या गाडीतून वरशाला नेतो, हौसाआजीच्या दारात उतरवतो." गणपती आला, बसला, पाण्यातही गेला. माझी लाल काठाची साडी घडी घालून पेटीवर ठेवलेली, तिच्यावर मांजर झोपतं.

हौसा माझी पाठची बहीण. तिच्याच मागच्या खोलीत तू राहतोस, तिच्याच अंगणात भंगारातून ती गाडी बांधतोस, तुला ती उठल्याबसल्या दिसते. मला तिला बघून चार वर्षं झाली. तिचे डोळे गेले, माझी कंबर गेली. दोघी मिळून एक धड म्हातारी होत नाही. दोन वर्षांमागे भाड्याच्या जीपने निघाले होते, तर एका खड्ड्यात माझा मणका चिरला आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. डॉक्टर म्हणाले, "हाडं पापडासारखी झालीत. एसटी नको, जीप नको, रिक्षा नको. पुन्हा हिसका बसला तर कायमची खाट." मी विचारलं, "मऊ चालणारी गाडी मिळाली तर?" म्हणाले, "अशी गाडी आपल्या रस्त्यावर दिसली तर मलाही कळवा." तेव्हा तूच छाती पुढे काढून म्हणालास, मी बांधतो.

शेजारचा पुंडलिक तुझ्याच कंपनीत. शनिवारी घरी येतो तेव्हा त्याला विचारते. म्हणतो, गाडी चार ठोकळ्यांवर बसली आहे. अंडी घालते आहे का ते विचारून कळव.

आपल्या पेणेतून मातीचे गणपती पेंढ्यात बसून कुठल्या कुठे जातात, त्यांच्या कानाचा टवका उडत नाही. गाडी होत नसेल तर मला पेंढ्यात बसव, पण ने.

आणि हौसाची तब्येत खरी कशी आहे ते लिही. पुंडलिकाला विचारलं की तो आपल्या चपला बघतो.

तुझी, वाट बघून जुनी झालेली,
आजी


वरसे, रोहा
२७ फेब्रुवारी १९९४

आजी,

कान पुढे केला आहे. नमस्कारही केला आहे, तो आधी घे.

गाडी अंडी घालत नाही. नागोठण्याच्या भंगारवाल्याकडून तिचा नुसता सांगाडा आणला होता, ते तू दिवाळीत ऐकलंस. आता इंजिन बसलं, ब्रेक बसले, मागची सीट मी स्वतः काथ्या आणि फोम घालून शिवली. दोन्ही शिफ्टच्या मधल्या वेळात काम करतो. मला घाई नाही असं समजू नकोस.

सगळा वेळ एकाच गोष्टीत जातो आहे, आणि ती तुझ्यासाठीच आहे. चाकं धरून ठेवणारे लोखंडी हात असतात. ते हात गाडीला जिथे जोडतात तिथे रबराची जाड बांगडी असते, तिला बुश म्हणतात. चाक खड्ड्यात गेलं की लोखंड हलतं, रबर पिळून घेतं, आणि हिसका वर बसणाऱ्यापर्यंत पोचत नाही. तुझा मणका त्या रबरावर अवलंबून आहे. म्हणून सगळे बुश नवे घातले.

तर ते कुरकुरायला लागले. गाडी अंगणातून फाटकापर्यंत नेली तरी जुन्या झोपाळ्यासारखा आवाज. दोन रविवार त्यात गेले. शेवटी गॅरेजचा गोविंदा मिस्त्री म्हणाला, "अरे, ग्रीस भर, गप्प बसतील." भरपूर भरलं. गप्प बसले. गाडी आता मांजरीसारखी चालते, तुझ्या साडीवरच्या.

शिमग्याला नक्की. हौसाआजी बरी आहे, जेवते, झोपते.

सुशील


पेण, खारेपाट
६ मार्च १९९४

चिरंजीव,

पत्र ऐकलं. मालूने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी मुद्दाम वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं, हीच काहीतरी चुकीचं वाचते आहे. रबराला ग्रीस?

तुझा तो गोविंदा मिस्त्री कधी मिठागरात आला नाही, हे त्याच्या अकलेवरून कळतं. ऐक. मालकाने खाडीचं पाणी वर ओढायला पंप आणला होता. त्याच्या आत कातड्याची चकती असायची. तुझे आजोबा तिला रोज तेल पाजायचे, ती मऊ राहायची, पंप गाणं म्हणायचा. मग नवा पंप आला, त्यात रबराची चकती. आजोबांनी त्याच हाताने, त्याच मायेने तिलाही तेल पाजलं. चार दिवसांत ती वड्यासारखी फुगली. ऐन उधाणाच्या दिवशी पंप अडकला आणि भरतीचं पाणी आमच्याकडे बघून परत गेलं. त्या वर्षी एका आगरात मीठच पडलं नाही. मालक ओरडला तो ओरडलाच, मी त्याच्यापेक्षा जास्त ओरडले.

नंतर रबर बसवायचं असलं की मी साबणाचं पाणी करून द्यायची. साबणाने सरकून बसतं, मग पाणी वाळतं, रबर जागेवर राहतं. कातड्याला तेल, रबराला साबण. ह्याला शाळा लागत नाही.

तर ते ग्रीस पुसून काढ. आजच. मिस्त्रीला सांग, आजीने सांगितलं.

हौसा जेवते, झोपते, हे कळलं. बोलते का, ते तू लिहिलं नाहीस.

आजी

ता. क. सुशील, मी मालूकाकी. आई तीन दिवस कमरेला शेक घेताहेत. लिहू नको म्हणाल्या, म्हणून एवढंच लिहिते.


वरसे, रोहा
३ एप्रिल १९९४

आजी,

शिमगा गेला, मला माहीत आहे. पुंडलिक म्हणाला, तू सकाळपासून साडी नेसून बसली होतीस. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

तुझं पत्र आलं तेव्हा गाडी इतकी गुपचूप चालत होती की मी मनात म्हटलं, पंप वेगळा, गाडी वेगळी, आजीला काय कळतंय. शिमग्याच्या तीन दिवस आधी कोलाडपर्यंत फेरी मारायला काढली. वळणावर गाडी एका बाजूला ओढायला लागली, मग खालून ठक ठक. परत आणून खोललं. रबर फुगून कडेने बाहेर आलं होतं. वड्यासारखंच. बोटाने दाबलं तर बोट आत गेलं.

गोविंदा मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, "रबरच खराब असेल." मी म्हटलं, "माझी आजी मिठागरातून ओरडते आहे, ते तुला ऐकू येत नाय का?" आता तो माझ्याशी बोलत नाही.

नवे बुश रोह्यात मिळाले नाहीत, पनवेलहून आणले. ह्या वेळी धुण्याच्या साबणाचं पाणी केलं आणि एकेक सरकवून बसवला. लोण्यासारखे बसले. तू जिंकलीस, हे मालूकाकीला मोठ्याने वाचायला सांग. आता सगळे बोल्ट गाडी ठोकळ्यांवर असतानाच पुरा जोर लावून आवळून टाकलेत, पुन्हा कोणी हलायचं नाव घेणार नाही.

पाडव्याला येतो. लिहून ठेव. म्हणजे मालूकाकीला लिहून ठेवायला सांग.

हौसाआजी बोलते. तुझी आठवण काढते.

सुशील


पेण, खारेपाट
२४ एप्रिल १९९४

प्रिय सुशील,

हे पत्र आईंनी सांगितलेलं नाही. माझं आहे. त्या आत झोपल्या आहेत.

पाडवा होऊन दोन आठवडे झाले. तू आला नाहीस, पत्रही नाही. पुंडलिक सांगतो, गाडी परत ठोकळ्यांवर. आई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि आई बोलत नाहीत तेव्हा घरात भीती वाटते. आमच्याकडे त्यांची कुरकूर थांबली की समजायचं, काहीतरी मोडलं.

परवा मी पेणच्या बाजाराला गेले होते. परत येते तर घर उघडं, पेटीवर साडी नाही, मांजर जमिनीवर. शेजारणीने सांगितलं, तुझी सासू काठी घेऊन बांधाने निघाली, विचारलं तर म्हणाली, "जित्याला. गाडी धरते आणि रोह्याला जाते. नातवाची गाडी माझ्या तेराव्याला तयार होईल."

जिते स्टेशन आपल्याकडून किती लांब, तुला ठाऊक आहे. अर्ध्या वाटेवर बांधावर बसल्या, त्या उठता येईना. दोन तास उन्हात बसून होत्या. मिठागरातून परतणाऱ्या चार माणसांनी बघितलं. त्यांनी बांबू आणला, त्याला चादरीची झोळी बांधली आणि डोली करून त्यांना घरी आणलं. उचलताना किंचाळल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

डॉक्टर येऊन गेले. मणक्याला नवं काही झालेलं नाही, नशीब. आठ दिवस पडून राहायचं. तुला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला माझ्या पोरांची शपथ घातली. शपथ मी त्यांच्या पत्रात मोडली नाही, माझ्या पत्रात मोडते.

तू काय लपवतो आहेस ते आता लिही. त्यांना अक्षर येत नाही, पण लिहिलेलं नसतं ते त्यांना बरोबर वाचता येतं.

मालूकाकी


वरसे, रोहा
२९ एप्रिल १९९४

मालूकाकी, हे आजीला वाचून दाखव. सगळं. काही गाळू नको.

आजी, मी दोन गोष्टी लपवल्या.

एक, गाडी. साबणाने बसवलेले बुशसुद्धा कुरकुरायला लागले. ह्या वेळी आवाज तर होताच, वर गाडी लाकडासारखी कडक झाली. धाटावच्या रस्त्यावर साध्या खड्ड्यात माझेच दात आपटले. पाडव्याच्या आदल्या दिवशी खाली झोपून बघितलं, तर रबर कडेने चिरायला लागलं होतं. तेल नाही, ग्रीस नाही, नवं रबर, आणि दहा-बारा दिवसांत चीर. मी पान्हा फेकला, तो तुळशीच्या कुंडीला लागला. कुंडी बदलली आहे. गाडीत कसं बसवू तुला? आणि पत्रात काय लिहू, चौथी तारीख?

दुसरी, हौसाआजी. ती बरी नाही. होळीपासून पेजेवर आहे, तीही चार घास. डॉक्टर म्हणतात आजार नाही, वय आहे. दिवसभर ओटीवर पडून असते आणि कान अंगणात. मीच तिला सांगून ठेवलं होतं की ह्या गाडीतून तिची किस्नी, म्हणजे तू, येणार. तेव्हापासून गाडी फेरी मारून परत आली, कोपऱ्यावर ती कुरकूर ऐकली, की ती हाताने चाचपत उठते आणि विचारते, "किस्नी आली का?" दर वेळी मी म्हणतो, "नाय आली." मग ती पुन्हा आडवी होते. आता मला गाडी सुरू करायचीच भीती वाटते.

तुझ्या नकळत तिला काही झालं असतं तर तू मला काय म्हणाली असतीस, ते मला माहीत आहे. म्हणून लिहायचं टाळलं. आणि तू निघालीस जित्याला.

मला काही सुचत नाही आहे.

सुशील


पेण, खारेपाट
४ मे १९९४

सुशील,

मालूने पत्र वाचलं. आधी तिच्यावर ओरडले, मग तुझ्यावर ओरडले, मग पाणी प्यायले. आता बोलते.

हौसाचं लपवलंस, ह्याचा हिशोब समोरासमोर करू. मला म्हातारी समजून गोड बोलू नका. मी सासू, नवरा, दोन दीर आणि तीन मालक पोचवलेली बाई आहे, बातमीने मरत नाही. वाट बघून मात्र मरेन.

आता तुझी गाडी. आठ दिवस मी पाठीवर पडून आढ्याचे वासे मोजत होते, तेव्हा विचार केला. तू लिहिलं होतंस, बोल्ट गाडी ठोकळ्यांवर असतानाच पुरा जोर लावून आवळले. मालूला ते पत्र पुन्हा काढायला लावलं. तसंच आहे.

मला त्या चौघांनी डोलीत घातलं तेव्हा त्यांतल्या तरण्याने आधीच चादरीची गाठ करकचून मारली. म्हातारा धोतरवाला त्याला म्हणाला, "सोड ती. रिकाम्या झोळीला गाठ आवळतात व्हय? आधी बाईला बसव, झोळी खाली येऊ दे, मग आवळ." आणि तसंच केलं. आम्ही खाडीकडची माणसं बाळंतिणींना असंच नेत आलोय. रिकामी झोळी जिथे असते तिथे भरलेली नसते. रिकामी असताना गाठ पक्की केली की माणूस बसल्यावर कापड सगळा वेळ ताणलेलं राहतं, आणि ताणलेलं कापड गाठीशी फाटतं.

तुझी गाडी ठोकळ्यांवर असते तेव्हा चाकं खाली लोंबतात, म्हणजे झोळी रिकामी. तिथे तू रबराला आवळून बांधलंस. मग गाडी जमिनीवर टेकली, चाकं वर आली, आणि बिचारं रबर जन्मभर मान मुरगळलेलं. कुरकुरणार नाही तर काय ओव्या म्हणेल? मला गाडीतलं काही कळत नाही. पण झोळीतलं कळतं, मी नुकतीच लोंबून आले आहे.

नवं रबर आण. साबणाने बसव. बोल्ट सैल ठेव. गाडी चाकांवर उभी कर, आत माझ्याएवढं वजन घाल, आणि मग आवळ.

वजन विचारशील. पन्नास किलो लिही.

आजी

ता. क. काल त्यांना उचलून रेशनच्या दुकानातल्या काट्यावर बसवलं. सदतीस. काटा खोटा आहे म्हणाल्या. — मालूकाकी


वरसे, रोहा
१४ मे १९९४

आजी,

पुंडलिकाच्या हातून पाठवतो, पोस्टाची वाट बघवत नाही.

तुझं पत्र घेऊन मी गोविंदा मिस्त्रीकडे गेलो. दीड महिना बोललो नव्हतो. त्याने वाचलं, डोकं खाजवलं, म्हणाला, "माझ्या उस्तादाने सांगितलं होतं रे हे. बोल्ट गाडी खाली उतरवून आवळायचे. मी विसरलो." मी म्हटलं, "मी फिटर असून मला कळलं नाय, तुला काय बोलू." दोघांनी मिळून नवे बुश घातले. साबणाचं पाणी त्याने स्वतः केलं.

मग चाकांखाली जाड फळ्या घालून गाडी पायांवर उभी केली. मी सदतीस किलो भात मोजून पोत्यात भरत होतो, तर ओटीवरून हौसाआजी म्हणाली, "काय करतोस रे?" सांगितलं. म्हणाली, "पोतं कशाला? मी हाय ना किस्नीच्या मापाची. मला बसव."

तिची सून प्रणिता नको नको म्हणत होती. चालत्या गाडीत तिला घेरी येते, म्हणून तर तिला तुझ्याकडे आणता येत नाही. पण गाडी उभीच होती. आम्ही तिला खुर्चीसकट उचलून मागच्या सीटवर ठेवलं. गाडी बोटभर खाली बसली. मी आणि मिस्त्री खाली शिरलो आणि एकेक बोल्ट आवळला. वरून ती विचारत होती, "झालं का रे? किस्नी इथेच बसणार का? खिडकीकडे की आत?" मी खालून म्हटलं, "खिडकीकडे." तर म्हणाली, "मग मी सरकते." आणि सरकली.

खाली उतरवल्यावर तिने वाटीभर पेज घेतली.

रविवारी, २२ तारखेला, उजाडता निघतो. त्याआधी शनिवारी, ती झोपलेली असताना, हायवेला फेरी मारून बघेन. तारीख मी लिहिलेली नाही असं समज. पण साडी नेस.

सुशील


पेण, खारेपाट
२८ मे १९९४

चिरंजीव सुशील,

तू मला घरी सोडून गेलास त्याला सहा दिवस झाले. कंबर जागेवर आहे. डॉक्टर बघून गेले, म्हणाले, "आजी, कुठल्या गाडीतून गेलात?" मी म्हटलं, "नातवाच्या. तुम्ही कळवा म्हणाला होतात, म्हणून कळवते."

गाडी मी मोकळेपणाने नावाजत नाही, तू चढून बसशील. एवढंच सांगते, वडखळच्या पुढे ज्या खड्ड्यात मी माझा मणका ठेवून आले होते, तो खड्डा तू दाखवलास तेव्हा तो मागे गेला होता.

आता तुला सांगायचं ते. तू अंगणात गाडीची काच पुसत राहिलास, मुद्दाम राहिलास, मला कळलं. आत काय झालं ते तुला माहीत नाही.

हौसा ओटीवरच्या गादीवर होती. मी जवळ बसले, म्हटलं, "हौसे, मी आले." ती म्हणाली, "कोण?" म्हटलं, "किस्नी." तिने मान फिरवली. म्हणते, "खोटं. किस्नी गाडीतून यायची आहे. गाडीचा आवाज नाय आला." मी म्हटलं, "गाडीतूनच आले गो." तर माझं मनगट धरून चाचपलं. "हा हात किस्नीचा नाय. किस्नीचं मनगट पाट्याएवढं होतं." मग एकदम हात सोडला आणि हळू आवाजात विचारलं, "किस्ने, मेलीस का गो तू? मेलेल्यांचाच आवाज होत नाय."

बघ तुझी करामत. तीन महिने त्या पोरीला कुरकूर ऐकवलीस, कुरकूर म्हणजे किस्नी असं तिच्या डोक्यात पक्कं बसवलंस, आणि मी खरी आले त्या दिवशी गाडी भुतासारखी गुपचूप आणलीस.

मी किती सांगितलं, ऐकेना. शेवटी म्हटलं, तुझा विश्वास माझ्या हातावर नाही ना, मग पाय बघ. डावा पाय तिच्या मांडीवर ठेवला. लहान असताना मिठागरात मीठ ओढायच्या लाकडी फळीने तिने माझ्या घोट्यावर मारलं होतं, चिंचेवरून. हाडापर्यंत गेलं होतं, आणि वर मिठाचं पाणी. तो व्रण तिला बरोबर सापडला. तिने त्यावरून बोट पुढे-मागे फिरवलं. मग म्हणाली, "ही मी मारली नव्हती. तू पडली होतीस." साठ वर्षं हेच म्हणते आहे. मी म्हटलं, "मारली होतीस." ती म्हणाली, "पडलीस." असं आम्ही जेवण होईपर्यंत भांडलो. भांडता भांडता तिने भात खाल्ला. प्रणिता दारात उभी राहून रडत होती, तिला वाटलं असेल म्हाताऱ्या एकमेकींच्या जिवावर उठल्या.

निघताना हौसा म्हणाली, "पुन्हा ये. मी नाय मारली, ते नीट सांगायचंय."

म्हणून हे काम सांगते. एवढे महिने तुला कुरकुरीवरून बोलले, ते बोलणं मी मागे घेत नाही. पण एक कुरकूर ठेव. चाक सुटणार नाही, मणका मोडणार नाही, अशा एखाद्या जागची. कोपऱ्यावर तिला ऐकू जाईल एवढीच.

आजी

ता. क. ते सगळं मी जसंच्या तसं लिहिलं आहे. काही गाळलं नाही. — मालूकाकी


वरसे, रोहा
४ जून १९९४

आजी,

मागचा डावा एक बुश साबण पुसून कोरडा बसवला. मिस्त्री म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा गाडी बिघडवून देतोय. बोल्ट मात्र गाडी चाकांवर ठेवून, आत वजन घालूनच आवळला. वजन पुन्हा हौसाआजीचंच. गाडी बोटभर आणि वर थोडी खाली बसली.

फाटकातून बाहेर काढताना कुरकुरली. हौसाआजी गादीवर उठून बसली आणि विचारलं, "किस्नी आली का?"

मी म्हटलं, "नाय. आणायला चाललोय."

हे पत्र पुंडलिकाकडे देतो आहे. तो शिफ्ट संपवून संध्याकाळी पोचेल. उद्या उजाडता मी पोचेन. मांजर उठव.

सुशील